आरोपपत्र कोणाचे?

दलित आत्मकथन म्हणजे समाजव्यवस्थेवरचे जळजळीत आरोपपत्र, हे वाक्य मी इतक्या प्रस्तावनांतून आणि परीक्षणांतून वाचले आहे की आता ते दिसताच पोलीस ठाण्यातले टेबल डोळ्यांपुढे येते. ह्या शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. समीक्षक तो गौरवाने वापरतो, पण त्याचा अर्थ तपासत नाही.

आरोपपत्र पीडित लिहीत नाही. पीडित फिर्याद देतो. फिर्याद हा फारसीतून आलेला शब्द. मुळात मदतीसाठी फोडलेला टाहो. तो टाहो ठाण्यातला अंमलदार आपल्या भाषेत उतरवून घेतो. मग तपास होतो, आणि पोलीस न्यायालयात जो अहवाल सादर करतात त्याला आपण आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र म्हणतो. दोषारोप ही आणखी पुढची गोष्ट. तो न्यायाधीश ठेवतो, आरोपीला वाचून दाखवतो आणि विचारतो, गुन्हा कबूल आहे काय? लिहिणारे हात प्रत्येक वेळी वेगळे असतात.

ह्या प्रवासात काय गळते ते पाहा. पाणवठ्यावर बाईला दिलेली शिवी, ती देणाऱ्याचा आवाज, बघ्यांचे हसणे, हे सगळे कागदावर 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढ्यात आटोपते. पुढे उलटतपासणीत वकील विचारतो, नेमके शब्द कोणते? दलित लेखक नेमके शब्दच लिहितो, आणि नेमके त्याच शब्दांना आमचे काही समीक्षक अश्लील म्हणत आले!

नगर जिल्ह्याला (2024 पासून अहिल्यानगर) आरोपपत्राची ताकद किती, हे सांगावे लागत नाही. 28 एप्रिल 2014 रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे शाळेत शिकणाऱ्या दलित मुलाची हत्या झाली. आरोपपत्र गेले, खटला चालला, साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी जिल्हा न्यायालयातून निर्दोष सुटले. आरोपपत्र तर होतेच.

ह्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले धामणगाव हे दया पवारांचे गाव. त्यांचे 'बलुतं' 1978 साली आले. त्यालाही हेच लेबल लागले. पण 'बलुतं'मधला दगडू गावाला सोडत नाही, तसा आपल्या माणसांना आणि स्वतःलाही सोडत नाही. म्हणून तर आपल्यातलेही काही जण त्या पुस्तकावर रागावले. फिर्यादीच स्वतःविरुद्ध बोलतो, असे आरोपपत्र कोणता अंमलदार लिहून घेईल? मी त्याला जबानी म्हणतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कायद्याने दोषारोपात वेळ, स्थळ आणि व्यक्ती सांगावी लागते. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम 212 होते, 2024 मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेत 235 आहे. 'समाजव्यवस्था' ह्या नावावर समन्स बजावता येत नाही. धामणगावचा पाणवठा कोणाचा होता, मेलेले जनावर कोणी ओढायला लावले, हे पुस्तक सांगते. समीक्षक त्या सगळ्यांना 'व्यवस्था' ह्या एका शब्दात गोळा करतो. आरोपीचा पिंजरा रिकामा होतो आणि समीक्षक न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून आरोपपत्राच्या भाषेची, तिच्या जळजळीतपणाची तारीफ करत राहतो. कबूल आहे काय, हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचतच नाही.