बर्थ मॉरिझोची बाग

मूल सांभाळीत असतां उघड्यावर चित्र कसें काढावयाचें, हा प्रश्न कलेच्या ग्रंथांत फारसा आढळत नाहीं. कारण ते ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या मांडीवर मूल क्वचितच असे. फ्रेंच चित्रकर्त्री बर्थ मॉरिझो (१८४१–१८९५) हिच्या चित्रांपुढें मात्र तो टाळतां येत नाहीं. १८७४ पासून १८८६ पर्यंत पॅरिसमध्यें इंप्रेशनिस्ट मंडळींचीं आठ प्रदर्शनें भरलीं. त्यांपैकीं सातांत तिचीं चित्रें होतीं. एकट्या १८७९ च्या प्रदर्शनांत तीं नव्हतीं. आदल्या नोव्हेंबरांत तिची कन्या ज्यूली जन्मली होती.

‘स्त्रीसुलभ नाजुकपणा’ एवढ्या शब्दांवर तिच्या कलेची बोळवण करण्याची टीकाकारांची जुनी रीत आहे. सुटा कुंचला, कडेला उघडें राहिलेलें कापड, ओझरते चेहरे, हें सारें कोमल हृदयाचें लक्षण मानलें जातें. आमच्या मतें हें कौतुक म्हणजे विचाराचा आळस होय. उघड्यावर चित्र काढणारासाठीं ऊन थांबत नाहीं, वारा थांबत नाहीं. मॉरिझोसाठीं तिसरीही गोष्ट थांबत नव्हती, ती म्हणजे पोर. मोनेही उन्हामागें धांवत रंगवी. पण त्याच्या गवताच्या गंजी निदान जागच्या हालत नसत.

मग ही शैली बाळंतपणाची देणगी काय, असें कोणी विचारील. तसें म्हणतां येणार नाहीं. तारुण्यांतच कोरोच्या मार्गदर्शनाखालीं तिनें उघड्यावर चित्रें काढण्याचा अभ्यास केला होता, आणि ‘लपंडाव’ हें तिचें चित्र १८७३ मधलें, म्हणजे लग्नाच्याही आधींचें आहे. चपळ हात तिच्याजवळ होताच. मुलीनें त्या हाताला नवें काम दिलें.

तें काम कोणत्या प्रतीचें होतें, हें १८८१ सालीं बूझिव्हाल येथील बागेंत काढलेल्या चित्रावरून कळतें. पति युजीन मॅने, प्रसिद्ध चित्रकार एदुआर मॅने याचा धाकटा भाऊ, बांकावर बसला आहे. त्याच्या मांडीवर खेळण्यांतलें एक गांव मांडलेलें आहे व अडीच वर्षांची ज्यूली त्यांत गुंगली आहे. वरवर पाहतां हें एक कौटुंबिक सुखाचें दृश्य. परंतु चित्रांत न दिसणारी तिसरी व्यक्ति विसरून चालणार नाहीं. बाप मुलीला खेळवीत आहे, म्हणून आई रंगवीत आहे. चित्राचा विषय आणि चित्रासाठीं मिळालेली सवड हीं येथें एकच झालीं आहेत.

त्याच्या आधींचें, १८८० च्या सुमाराचें, ‘दाई’ हें चित्र याहून धीट आहे. गवतावर बसून एक दाई ज्यूलीला अंगावर पाजीत आहे. मायलेंकरांचें म्हणून परंपरेनें रंगविलें गेलेलें हें दृश्य येथें वस्तुतः दोन कामकरी स्त्रियांचें आहे: एक मोलानें दूध पाजते, दुसरी त्या वेळांत रंगविते. लिंडा नॉकलिन ह्या विदुषीनें १९८८ मध्यें ह्या गोष्टीकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. रंगांचें तेज अपूर्व आहे, तरी आमचा एक आक्षेप आहे. दाईचा चेहरा जवळजवळ पुसून गेला आहे. घाई तर बूझिव्हालच्या बागेंतही होती. मग पतीचा चेहरा ओळखूं यावा आणि दाईचा येऊं नये, याचा उलगडा केवळ घाईनें होत नाहीं. जिच्या श्रमावर हें चित्र उभें आहे, तिच्याकडे चित्रकर्त्रीची नजर पुरती वळली नाहीं, असें म्हणणें भाग आहे.

मॉरिझोची बहीण एड्मा हीही तिच्याबरोबरच चित्रकला शिकली होती. १८६९ मध्यें तिनें एका नौदल अधिकाऱ्याशीं विवाह केला, ती लोरियां बंदरीं राहावयास गेली, आणि तिची चित्रकला सुटली. १८७२ च्या ‘पाळणा’ ह्या प्रसिद्ध चित्रांत निजलेल्या तान्हुल्याकडे पाहत बसलेली स्त्री ती हीच. मॉरिझोचा विवाह १८७४ अखेर, तिच्या तेहतिसाव्या वर्षीं झाला, तोही चित्रकारांच्याच गोतावळ्यांत. तिला पॅरिस सोडावें लागलें नाहीं. घरीं दाई होती. आणि मुलीला घेऊन बांकावर बसणारा नवरा होता. तेव्हां ‘मनांत आणलें कीं सवड होतेच’ असा उपदेश तिच्या नांवावर करणें म्हणजे एड्मावर अन्याय करणें होय. गुण हवेतच; पण दुपारचे दोन तास मूल कोणी तरी घेतलें पाहिजे.

१८९५ मध्यें मॉरिझो निवर्तली, तेव्हां तिच्या मृत्यूच्या दाखल्यांत व्यवसाय ‘कांहीं नाहीं’ असा लिहिला गेला. लिहिणाऱ्या कारकुनाची चूक क्षम्य आहे. त्यानें चित्रें पाहिलीं नसावींत. ज्यांनीं तीं पाहूनही त्यांत नुसता नाजुकपणा पाहिला, त्यांना ही सबब नाहीं. रसिकांनीं ह्या बागेंतल्या चित्रांकडे काम म्हणून पाहावें, व तें काम कोणाकोणाच्या हातांनीं झालें हेंही मोजावें.