‘गाळ’, ‘निक्षेप’ आणि सागरी गर्ता

समुद्रतळाचा विषय आला की आपले भूगोलविषयक मराठी गद्य एकाएकी निश्चल होते. नद्यांचा गाळ समुद्रबूड जमिनीवर साचतो. खोल तळावर मात्र सूक्ष्म जीवांचे अवशेष तेवढे असतात, अशी मांडणी अनेकदा आढळते. 1891 च्या ‘चॅलेंजर’ अहवालातील वर्गीकरणाची ही दूरची सावली होय. वस्तुस्थिती निराळी आहे. 18 नोव्हेंबर 1929 रोजी न्यूफाउंडलंडनजीक भूकंप झाला आणि समुद्रतळावरील तारा काही तासांच्या अंतराने एकामागून एक तुटत गेल्या. चिखलमिश्रित जड पाण्याचा प्रवाह उतारावरून धावला, हा त्याचा उलगडा हीझेन व यूइंग यांनी 1952 मध्ये केला.

दोष पुष्कळसा शब्दांचा आहे. ‘गाळ’ हा ‘गाळणे’ या क्रियेचा शेष. तो खाली बसलेलाच मनात येतो. मुदखेड तालुक्यात आमदुऱ्याच्या बंधाऱ्यापाशी तो अर्थ बरोबरही आहे. परंतु कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोरील समुद्रतळातून काढलेल्या एका गाभ्याच्या अभ्यासाने 2017 मध्ये दाखविले की, गेल्या काही सहस्रकांत दख्खनच्या पठारावरील मातीचा वाटा तेथे बराच वाढला. हवामानाच्या कोरडेपणाबरोबर शेतीचाही त्याला हातभार लागला. आपल्या काळ्या रानांची धूप अशी समुद्रतळावर नोंदली गेली आहे, आणि आपला विद्यार्थी मात्र तिला त्रिभुज प्रदेशातच थांबवितो!

गर्तेपर्यंतची कथा मुख्यत्वे हिमालयाच्या मातीची आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेची माती बंगालच्या उपसागरातून दक्षिणेस जाऊन सुंदा गर्तेच्या उत्तर भागात इतकी भरली आहे की, सुमात्राच्या उत्तरेस गर्तेपाशी तिचे थर 4-5 किलोमीटर जाड आहेत. जावासमोर मात्र ते पातळ आहेत. 2004 च्या भूकंपाचे स्वरूप समजून घेण्यासाठी 2016 मध्ये तेथे वेधन झाले, ते याच थरांसाठी.

‘निक्षेप’ हा पर्यायही निर्दोष नव्हे. धर्मशास्त्रात तो मागताच परत करावयाची ठेव. गर्तेत मात्र काही माती वरच्या भूपट्टाच्या कडेला खरवडून चिकटते, तर काही खाली ओढली जाते. तिचा अल्पांश ज्वालामुखीतून वर येतो, हे लाव्ह्यातील बेरिलियम-10 वरून कळते. पण ही परतफेड ठेवीदाराच्या सोयीने होत नाही.

म्हणून उतारावरून धावणाऱ्या या प्रवाहाला मी ‘गढूळ लोंढा’ म्हणेन. गोदाकाठच्या माणसास लोंढा म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. ‘निक्षेप’ हा शब्द स्थिरावलेल्या थरापुरताच ठेवावा.