पात्राचा जन्म आणि खेळाचा नियम

१

पात्र कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर आपल्या समीक्षेने बहुधा एकाच दिशेस शोधले आहे. ते लेखकाच्या प्रतिभेतून येते, असे आपण मानतो. आणि ‘स्वभावरेखन’ हा शब्द उच्चारताच रेखाटणारा एक हात गृहीत धरतो. परंतु ज्यांत पात्राला लेखकच नसतो असेही काही कलाव्यवहार आहेत. तेथे असतात ते केवळ नियम, आणि त्या नियमांच्या चौकटीत पात्र घडवून त्याच्या मुखाने बोलणारी माणसे. बेंगळुरूसारख्या शहरात आज तरुण मंडळी सुटीच्या दिवशी टेबलाभोवती जमून जे अद्भुतरम्य भूमिकाखेळ खेळतात, ते या जातीचे होत. त्यांपैकी संघटित रीतीने चालणाऱ्या खेळांतील पात्रनिर्मितीचे नियम हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विषय वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत कसा येतो, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. तिचे उत्तर एवढेच, की पात्राचे किती भवितव्य जन्माने ठरावे आणि किती निवडीने, हा प्रश्न या नियमांनी पन्नास वर्षांत तीन निरनिराळ्या रीतींनी सोडवून पाहिला आहे; आणि हा प्रश्न आपल्या वाङ्मयाच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. शिवाजी सावंतांचे ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंचे ‘राधेय’ (१९७३) या दोन्ही कादंबऱ्यांना मराठी वाचकाने जो आश्रय दिला, त्याच्या मुळाशी कर्णाच्या रूपाने उभा राहिलेला हाच प्रश्न होता.

ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तो प्रथम प्रसिद्ध केला. त्यात एक जण कथेची सूत्रे हाती घेतो. खेळाडू त्याला ‘डीएम’ म्हणतात, आपण सूत्रधार म्हणू. उरलेले चार-पाच जण एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो. आपले पात्र त्या प्रसंगी काय करील, काय बोलेल, हे खेळाडू सांगतात. आणि कृती साधली की फसली, हे फाशांवर ठरते. पात्राच्या अंगी बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव हे सहा गुण असतात व प्रत्येक गुणाला एक आकडा असतो. एका कागदावर ते आकडे मांडले, की पात्र जन्मले.

२

आकड्यांनी पात्र घडविण्याची ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. संस्कृत शास्त्रकारांनी नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत आणि धीरप्रशांत असे चार प्रकार केले, हे सर्वविदित आहे. परंतु भानुदत्ताची ‘रसमंजरी’ पाहिली, तर तेथे चक्क गुणाकार भेटतो. नायिकेचे मूळ भेद सोळा, त्यांना आठ अवस्थांनी गुणावे, आणि आलेल्या संख्येस उत्तम, मध्यम व अधम या तिहींनी पुन्हा गुणावे. नायिका होतात ३८४. या गणिताची आपण पुष्कळ थट्टा केली. परंतु त्यामागची जाणीव हास्यास्पद नव्हती. जे पात्र अनेक कवींच्या व अनेक नटांच्या हातून जावयाचे आहे, त्याची काही लक्षणे सर्वांना ठाऊक असलेलीच हवीत, ही ती जाणीव होय.

मराठी रंगभूमीचा आरंभही अशाच व्यवहारातून झाला, आणि तो कर्नाटकाच्या प्रेरणेने. उत्तर कन्नड भागातील कर्की येथील भागवत मंडळी १८४२ साली सांगलीस आली. तिचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकांत पदे रचलेली असत व ती सूत्रधार म्हणे. भाषणे मात्र नट आयत्या वेळी आपल्या शब्दांत करीत. आणि नटांची वाटणी कशी, तर राजापार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी अशी! आजच्या भूमिकाखेळात योद्धा, मांत्रिक, चोर, पुरोहित असे जे पात्रवर्ग असतात, त्यांचे काम भाव्यांच्या मंडळीत या पार्ट्या करीत होत्या.

ज्या यक्षगानाच्या परंपरेतून ही प्रेरणा आली, तिच्यातील ताळमद्दळे हा प्रकार तर आपल्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. किनारपट्टीवरून बेंगळुरूस येऊन वसलेल्या लोकांनी तो या शहरातही जिवंत ठेवला आहे. त्यात वेषभूषा नाही, नृत्य नाही. कलावंत बसलेले असतात. भागवत पद म्हणतो आणि ‘अर्थधारी’ आपापल्या पात्राची बाजू तेथल्या तेथे शब्दांत मांडतात. वाली मरावयाचा हे पदाने आधीच ठरविलेले असते. पण मरण्यापूर्वी तो रामाला कोणता जाब विचारील, हे कोणी ठरविलेले नसते. रसिक जमतात ते त्या न ठरविलेल्या भागासाठी.

रॉजे काय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांची मीमांसा केली, तेव्हा खेळ एक तर नियमांचे असतात नाही तर बतावणीचे, दोन्ही एकत्र नांदत नाहीत, असे मत दिले होते. ताळमद्दळे त्याच्या पाहण्यात असते तर त्याने असे लिहिले असते काय, असा प्रश्न पडतो. १९७४ नंतरच्या भूमिकाखेळाने तर ते मत उघडच खोटे पाडले.

३

आता नियमांकडे वळू. १९७४ च्या मूळ पुस्तकांत पंचाने तीन फासे टाकावेत, येईल ती बेरीज एका गुणापुढे मांडावी आणि असे क्रमाने सहा वेळा करावे, अशी योजना होती. खेळाडूने आपले पात्र स्वीकारावयाचे ते असे, दुसऱ्याच्या हातून. आपल्याकडे सटवाई सहाव्या रात्री येऊन कपाळी लिहून जाते, त्यातलाच हा प्रकार. एखाद्या गुणात १८ हा सर्वोच्च आकडा येण्याचा संभव २१६ वेळांत एकदा. त्यातच वंशाची अट होती. एल्फ, ड्वॉर्फ, हॉबिट अशा मनुष्येतर वंशांना काही शक्ती जन्मजात मिळत. परंतु त्यांच्या चढण्याला मर्यादा असे. ड्वॉर्फ योद्ध्याला सहाव्या पायरीपुढे जाता येत नसे, मग त्याने कितीही पराक्रम करो.

घरगुती बैठकीत असला दैवाधीन जन्म चालून जातो. तेथे सूत्रधार आणि खेळाडू एकमेकांना ओळखतात. दुबळ्या पात्राला सांभाळून घेतात. खेळ संघटित झाला आणि परिस्थिती पालटली. मूळ प्रकाशन संस्थेने १९८० साली खेळाडूंची संघटना काढली. पुढे २०१४ पासून ‘ॲडव्हेंचरर्स लीग’ या नावाने असा खेळ चालू झाला. त्यात पात्र प्रवासी असते. एका गावी घडविलेले पात्र दुसऱ्या गावी, अपरिचित सूत्रधारापुढे, अपरिचित सोबत्यांसह खेळता आले पाहिजे. त्याच्या जन्माच्या वेळचे फासे तेथे कोणी पाहिलेले नसतात. म्हणून लीगने जन्मातून फासेच काढून टाकले.

त्यांच्या जागी समान भांडवल आले. १५, १४, १३, १२, १०, ८ हे सहा आकडे घ्या आणि हवे तसे वाटा. किंवा प्रत्येकास २७ अंश दिलेले आहेत, त्यांतून गुण विकत घ्या. आठ हा आकडा फुकट मिळतो. तेरापर्यंत प्रत्येक पायरीस एक अंश पडतो. चौदाला सात आणि पंधराला नऊ. वरच्या ठरीव सहा आकड्यांची किंमत काढली तर तीही बरोबर २७ भरते. उत्कृष्टता महाग आहे आणि सर्वांच्या हाती सारखेच द्रव्य आहे, असे हे अर्थशास्त्र होय. शिवाय आरंभीच्या काही वर्षांत मूळ पुस्तकाखेरीज दुसऱ्या एकाच पुस्तकातून साहित्य घ्यावे, असाही निर्बंध होता. ज्याच्या घरी ग्रंथ अधिक त्याचे पात्र बलवान, असे होऊ नये हा त्याचा एक परिणाम. दुष्ट प्रवृत्तीची पात्रे तर, एक मर्यादित अपवाद वगळता, खेळाडूंना वर्ज्य होती. भाव्यांच्या राक्षसपार्टीला या लीगमध्ये प्रवेश मिळाला नसता.

न्यायाच्या दृष्टीने हे सर्व उचित आहे, याविषयी शंका नाही. कलेच्या दृष्टीने मात्र त्याची एक किंमत मोजावी लागते. समान भांडवल मिळाले, की प्रत्येक जण ते सारख्याच शहाणपणाने गुंतवितो. योद्ध्याला बुद्धीचे काम नाही, म्हणून आठाचा आकडा बुद्धीपुढे जातो. मांत्रिकाला बळाचे काम नाही, म्हणून तो बळापुढे जातो. परिणामी गावोगावचे योद्धे मठ्ठ आणि गावोगावचे मांत्रिक दुबळे. फाशांनी एखाद्या योद्ध्याला नकळत तल्लख बुद्धी आणि लटपटते पाय दिले असते, आणि त्या विसंगतीतूनच खेळाडूला त्याचा पूर्वेतिहास शोधावा लागला असता. येथे उणीव सोयीच्या जागी ठेवलेली असते. ती पात्राला टोचत नाही. विषमता टाळण्यासाठी केलेल्या नियमातून साचा जन्मास येतो, ही यातली खरी अडचण आहे.

४

परंतु या अडचणीहून मोठा प्रश्न जन्माच्या रकान्याचा आहे, आणि तो भाषांतरकाराला सर्वांत आधी भेटतो. या खेळाच्या इंग्रजी नियमांत दीर्घकाळ ‘रेस’ आणि ‘क्लास’ असे दोन रकाने होते. पहिल्यात पात्र कोणाच्या पोटी जन्मले ते लिहावयाचे, दुसऱ्यात ते काय करते ते. मराठीत यांना कोणते शब्द द्यावेत? पहिल्यास ‘जात’ आणि दुसऱ्यास ‘वर्ण’ म्हटले, तर नियमपुस्तिकेची तत्काळ स्मृती होऊन बसते. ‘वंश’ आणि ‘वृत्ती’ हे शब्द मला त्यांतल्या त्यांत निर्मळ वाटतात. पण ‘वृत्ती’ म्हणताच वतनाची आठवण येते, आणि वृत्ती पुन्हा जन्माकडे ओढली जाते. हा दोष शब्दांचा नव्हे. जन्म आणि व्यवसाय यांना दोन स्वतंत्र रकाने असतात व एकात काहीही लिहिले तरी दुसरा मोकळाच राहतो, ही कल्पनाच आपल्या भाषेच्या पूर्वानुभवात बसत नाही.

२०१४ च्या नियमांत वंशानुसार गुणांत भर पडे: अर्ध्या ऑर्कला बळ अधिक, नोमला बुद्धी अधिक. २०१६ च्या एका पुस्तकात तर ऑर्कच्या बुद्धीतून दोन अंश वजा केले जात. यावर टीका झाली. २०२० साली ती वजाबाकी काढून टाकण्यात आली, आणि वंशाची भर हव्या त्या गुणात घालण्याची मुभा देण्यात आली. २०२४ च्या नव्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ‘रेस’ हा शब्दच जाऊन ‘स्पीशीज’, म्हणजे प्रजाती, हा शब्द आला. आणि गुणांची भर जन्माऐवजी ‘पार्श्वभूमी’तून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातील उद्योगातून मिळू लागली. सैनिक, लेखनिक, व्यापारी, खलाशी अशा सोळा पार्श्वभूमी तेथे दिल्या आहेत. दैवाकडून जन्माकडे आणि जन्माकडून कर्माकडे, असा हा प्रवास आहे.

अमेरिकन वाचक येथे समाधानाने थांबेल. भारतीय समीक्षकाला थांबता येत नाही. त्या सोळांत एक ‘उमराव’ आहे. उमराव असणे हे कर्म की जन्म? आणि त्यांत एक ‘शेतकरी’ आहे. त्याला बळ, काटकपणा आणि शहाणपण यांतच भर घालता येते. लेखनिकाला बुद्धी वाढविता येते, उमरावाला बुद्धी आणि प्रभाव दोन्ही; शेतकऱ्याला या दोहोंपैकी काहीच नाही. वंशाच्या रकान्यातून हाकललेला पूर्वग्रह उद्योगाच्या रकान्यात निमूटपणे येऊन बसला आहे. शेतकऱ्याच्या बुद्धीचे काय झाले आणि ते कोणी केले, याची झडती मराठीत जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून घेतली होती. ज्या समाजात उद्योग पिढ्यान्‌पिढ्या जन्माने ठरत आला, तेथे ‘पार्श्वभूमी’ हा शब्द ‘वंश’ या शब्दाहून पुरेसा दूर जात नाही, एवढे त्या ग्रंथाचा वाचक सहज ओळखील.

५

मग नियमच नकोत काय? तसा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. नियम नसतील तर अनोळखी माणसांना एकत्र कथा रचता येणार नाही. भाव्यांच्या नटांना आणि ताळमद्दळेच्या अर्थधाऱ्यांना आधार होता तो सर्वांस मुखोद्गत असलेल्या पुराणांचा. रावण कोण, हे कोणी कोणास सांगावे लागत नव्हते. बेंगळुरूच्या टेबलावर कन्नड, तमिळ, मल्याळी, मराठी अशी माणसे बहुधा इंग्रजीच्या आश्रयाने एकत्र बसतात. तेथे नियमपुस्तिका हेच त्यांचे सामाईक पुराण असते. या दृष्टीने पाहता २७ अंशांचा नियम ही क्षुद्र हिशेबवही राहत नाही. येथे कोणीही कोणापेक्षा अधिक घेऊन आलेला नाही, अशी ती परस्परांना दिलेली हमी आहे. आणि आपल्या सामाजिक व्यवहारात अशी हमी किती ठिकाणी मिळते?

तथापि समीक्षकाने नियमाचे काम आणि पात्राचे जन्मणे यांत गल्लत करू नये. नियम देतो ते पात्र. व्यक्ती त्यातून नंतर घडते, आणि घडेलच असे नाही. ज्या आठाच्या आकड्याला खेळाडूने सोयीच्या कोपऱ्यात दडविले, त्यालाच सूत्रधार जेव्हा प्रसंगाच्या मध्यभागी आणतो, अक्षरशत्रू योद्ध्याच्या हाती तहाचा कागद देऊन इतरांच्या देखत तो वाचावयास सांगतो, तेव्हा विकत घेतलेली उणीव प्रथम भोगावी लागते. तो लाजतो, की थाप मारतो, की सरळ दुसऱ्याकडे कागद देतो, याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नसते. वालीच्या जाबाप्रमाणे ते त्या क्षणी शोधावे लागते. स्वभाव म्हणून ज्यास आपण ओळखतो, तो येथे सुरू होतो.

आपल्या समीक्षेने या व्यवहाराकडे लक्ष द्यावे, ते या कारणासाठी. शेतकऱ्याला बुद्धीची भर का नाही, हा प्रश्न परक्या पुस्तकाला विचारण्याची ऐपत मराठी वाङ्मयाकडे आहे. उद्या कोणी मराठीत असे नियम रचू लागला, तर जन्माच्या रकान्यात काय लिहावयाचे हा निर्णय त्याला टाळता येणार नाही. आणि तो निर्णय खेळापुरता राहणार नाही, कारण तो रकाना भरण्याचा फार मोठा व फार कटू अनुभव या भाषेच्या गाठी आहे.