प्रवासवर्णनातील शेवटचा दिवस

अंदमानास सहकुटुंब जाऊन आलेल्या मंडळींची प्रवासवर्णने हल्ली वरचेवर वाचावयास मिळतात. राधानगरच्या किनाऱ्याची शुभ्र वाळू, काचेच्या तळाच्या होडीतून दिसणारे मासे, मुलांचा हर्ष, ह्या सर्वांचे वर्णन करताना लेखणी मोठ्या उत्साहाने चालते. परंतु शेवटचा दिवस उजाडला की ती एकाएकी गळून पडते. ‘जड अंतःकरणाने आम्ही निरोप घेतला’ एवढ्यावर सारे आटोपते. हा दोष केवळ घाईचा आहे असे आम्हांस वाटत नाही. तो दृष्टीचा आहे.

वास्तविक कुटुंबाचे खरे चित्र याच दिवशी हाती लागते. ओले कपडे कोठे कोंबावयाचे यावरून वाद चाललेला असतो, वडील विमानाच्या वेळेचा हिशेब करीत असतात, आईची शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भेटवस्तूंची मोजदाद संपत नाही. धाकट्याच्या खिशातून प्रवाळाचा तुकडा निघतो. वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये प्रवाळ संरक्षित असल्याने तो जिथला तिथे ठेवावा लागतो. आवडलेली प्रत्येक वस्तू आपली होत नाही, हा धडा त्या मुलास आयुष्यात कदाचित प्रथमच मिळत असेल. असा प्रसंग सामानाच्या यादीत हरवून टाकणाऱ्या लेखकाने नेमके पाहिले तरी काय, असा प्रश्न पडतो.

त्या दिवशी निसर्गही घाईत असतो. पोर्ट ब्लेअर (2024 पासून श्री विजयपुरम) हे आपल्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या सुमारे 10 अंश पूर्वेस आहे. त्यामुळे हिवाळ्यात तेथे पाचाच्या सुमारासच सूर्य मावळतो. मुंबईच्या सवयीने ‘अजून तासभर उजेड आहे’ म्हणत बसलेल्यांवर अंधार अवचित येतो. हा चकवा ज्याने अनुभवला, त्याला सूर्यास्ताची ठराविक विशेषणे उसनी आणण्याची गरज काय?

याहून गंभीर उणीव सेल्युलर जेलच्या वर्णनात जाणवते. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. 1979 साली त्यास राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. आमचे लेखक येथे दोन उद्गारचिन्हे वाहतात आणि पुढच्याच वाक्यात जेवणाकडे वळतात. ‘माझी जन्मठेप’ ज्या घरांत वाचले गेले, त्या घरांतील लेखकांकडून तरी अधिक अपेक्षा होती. पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन सावरकर 1911 साली येथे आले आणि 1921 साली त्यांस हिंदुस्थानच्या मुख्य भूमीवर परत आणले गेले. ज्या बेटावरील शेवटच्या दिवसाची आशा धरणेही कैद्यास कठीण होते, त्याच बेटावरील शेवटचा दिवस आज आपल्या मुलांस येऊच नये असे वाटते. या दोन दिवसांमधील अंतर म्हणजेच आपले स्वातंत्र्य. मुलांच्या आनंदास गालबोट न लावता ते अंतर वाचकास जाणवून देणे, येथे लेखकाची कसोटी आहे.

यासाठी उपदेशाची किंवा अश्रूंची आवश्यकता नाही. कोठडीच्या दाराशी उभे राहून ‘बाबा, आत किती दिवस राहायचे?’ असे एखादे मूल विचारील, तर तो प्रश्न आणि त्यावर वडिलांना सुचलेले उत्तर जसेच्या तसे लिहावे. उत्तर सुचले नसल्यास तेही लिहावे. पुढील प्रवासवर्णनकारांनी निदान एवढे केले, तर त्यांच्या पुस्तकांस आमच्या कपाटात माहितीपत्रकांहून वरची जागा मिळेल.