आत्मकथनांतलं वाचायचं राहून गेलेलं

फलटणमध्ये बेबीताई कांबळे यांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची. तिच्यात माल बांधण्याआधी त्या ती वाचून काढत. गिऱ्हाईक नसलं की दुकानातच लिहीत बसत आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून अडगळीत दडवून ठेवत. फलटणला शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना या कागदांचा सुगावा लागला. त्यांनी छापण्याचा आग्रह धरला आणि १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून 'जिणं आमुचं' क्रमशः येऊ लागलं. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' आली. त्याआधी कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (१९८१) आणि मुक्ता सर्वगोड यांचं 'मिटलेली कवाडे' (१९८३) येऊन गेली होती. पुढे शांताबाई दाणी यांचं 'रात्रंदिन आम्हा', जनाबाई गिऱ्हे यांचं 'मरणकळा', विमल मोरे यांचं 'तीन दगडांची चूल' आणि २००३ मध्ये ऊर्मिला पवार यांचं 'आयदान'. वीस-बावीस वर्षांत दलित आणि भटक्या समाजांतल्या बायकांनी मराठीत जे उभं केलं, त्याच्या तोडीचं काम इतर भाषांत क्वचितच सापडेल.

एवढं होऊनही या पुस्तकांवर मराठीत जे लिहिलं गेलं, ते वाचताना वाईट वाटतं. 'दाहक वास्तव', 'प्रांजळ कथन', 'अंगावर काटा आणणारे अनुभव' ही ठरावीक विशेषणं वापरली की परीक्षण संपतं. लेखिकेनं काय सोसलं याची यादी होते. तिनं ते कसं लिहिलं, कुठून सुरुवात केली, काय पुढे आणलं आणि काय गाळलं, याकडे कुणी फारसं वळत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'बद्दल आपण असं कधी केलं नाही. त्यांचा विनोद, संवाद, स्वतःच्या दुःखाकडे लांबून पाहण्याची हातोटी यांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण झालं नव्हतं, तरी त्यांची शैली ही प्रतिभा मानली गेली. बेबीताईंचं शिक्षणही फार नव्हतं. त्यांच्या बाबतीत मात्र तेच लेखन 'साक्ष' ठरलं. हा भेद साहित्यगुणांतून आलेला नाही. तो जातीतून आलेला आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

'जिणं आमुचं'मधला निवेदक पाहा. बहुतेक पुस्तकभर 'मी' नाहीच. 'आम्ही', 'आमच्या बाया', 'आमचा महारवाडा' अशीच वाक्यं चालतात. पुरंदर तालुक्यातलं वीरगाव, आषाढातले सण, पोतराज, अंगात येणं, भाकरीच्या वाट्याला निघालेला येसकर हे सगळं एका सामूहिक आवाजात येतं. हा आवाज सांगताना स्वतःच्या माणसांना सोडत नाही, आणि पुस्तकाचा खरा दरारा मला तिथेच वाटतो. गावानं महारांवर लादलेली गुलामी सांगून झाल्यावर बेबीताई वळतात त्या आपल्याच घरातल्या सुनांकडे. जाच सोसवेना म्हणून माहेरी पळालेली पोर परत आणली की तिच्या पायात लाकडाचा जड खोडा अडकवत. तो ओढत तिनं घरकाम करायचं. पायाची सालटी निघून रक्त वाहायचं. गावानं आम्हाला गुलाम केलं तसे आम्हालाही कुणीतरी गुलाम हवे होते, आणि ते आम्ही आमच्या सुनांत शोधले, असा तिथला विचार आहे. हे 'आम्ही' वापरून लिहिणं सोपं नाही. 'ते' म्हटलं असतं तर लेखिका त्या अपराधाबाहेर राहिली असती. बेबीताई बाहेर राहत नाहीत. जात आणि पुरुषसत्ता एकमेकींच्या आधारानं कशा चालतात, हे अभ्यासकांनी पुढे ग्रंथांतून मांडलं. इथे ते एका सर्वनामाच्या निवडीतून उभं राहिलं आहे.

तसंच बाळंतपणाचं. ओल्या बाळंतिणीच्या पोटात अन्नाचा कण नाही, अंगावर चिंध्या, भोवती माश्या, आणि जाणत्या म्हणवणाऱ्या बायांचे अघोरी उपाय. हे वर्णन वाचताना १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला मुक्ता साळवे हिचा निबंध आठवतो. फुल्यांच्या शाळेतली ही मुलगी मांग-महारांचं दुःख मांडताना उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांपाशी येऊन थांबली होती. दोघींमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांचं अंतर, आणि तरी धर्माला जाब विचारताना दोघी एकाच जागी पोचतात: बाळंतिणीच्या अंथरुणापाशी. मराठी गद्याचा इतिहास लिहिताना ही रेघ ठळक व्हायला हवी होती. आपण मुक्ताचा निबंध जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांपुरता ठेवला आणि 'जिणं आमुचं' अभ्यासक्रमापुरतं.

बेबीताईंच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, ती नसण्यानं जाणवते: त्यांचं स्वतःचं लग्न. नवऱ्याचा संशय आणि मार त्यांच्याही वाट्याला आला होता; पण ते त्यांनी सांगितलं पुस्तकाबाहेर, अनुवादिका माया पंडित यांच्याशी बोलताना. ती मुलाखत २००८ साली इंग्रजी अनुवादाला जोडून प्रसिद्ध झाली. मूळ मराठी पुस्तक हाती घेणाऱ्याला बेबीताईंचं हे बोलणं भेटत नाही. समाजाचं दुःख सांगताना स्वतःचं संसारचित्र बाजूला ठेवणं ही लेखिकेची निवड होती, आणि त्या निवडीची किंमतही तिला ठाऊक होती. मराठी समीक्षेनं या गाळलेल्या जागेवर खूप लिहायला हवं होतं. शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर तोलामोलाचा ग्रंथ लिहिला, तोही इंग्रजीत. पुण्यात बसून, मराठी पुस्तकांवर, मराठी बायकांबद्दल. हा दोष रेगे यांचा नाही. मराठीत अशा लेखनाला जागा आणि वाचक कुठे होते, हा प्रश्न आपल्याला लागू होतो.

समीक्षा नीट झाली असती तर दोषही दिसले असते. 'जिणं आमुचं'च्या उत्तरार्धात बाबासाहेबांविषयीची कृतज्ञता एवढी भरून येते की आधीचं बारीक निरीक्षण मागे पडतं आणि सभेतल्या भाषणाची लय पुढे येते. शिकून मोठे झालेल्या आणि समाजाला विसरलेल्यांना त्या झापतात, तो भाग जोरकस आहे, पण लांबतो. शांताबाई कांबळे यांच्या पुस्तकात लहानपणची 'नाजा' जितकी जिवंत आहे, तितक्या पुढच्या नोकरी-बदल्यांच्या नोंदी नाहीत. दूरदर्शनच्या 'नाजुका' मालिकेमुळे हे पुस्तक घरोघरी गेलं; ते साहित्य म्हणून तपासायचं मात्र राहिलं. हे दोष दाखवणं म्हणजे त्या लेखिकांना बरोबरीचं मानणं. नुसतं हात जोडून बाजूला होण्यात आदर कमी आणि सुटका जास्त असते.

विनोदाबद्दल तर बोलायलाच हवं, कारण दलित बाई हसते हे आपल्या वाचनात बसतच नाही. 'आयदान'ची सुरुवात रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायांनी होते. डोक्यावर लाकूडफाट्याचे भारे, पायाखाली चढउताराची वाट, आणि एवढ्या अडनिड्या जागी गाव वसवणाऱ्या मूळ पुरुषाला शिव्यांची लाखोली. त्या एकमेकींची नक्कल करतात, टवाळी करतात, दुःखही बोलतात. त्याच पुस्तकात पुढे घरातली मासळीची वाटणी येते: चांगल्या तुकड्या पुरुषांच्या ताटात, बायकांना उरलंसुरलं. स्वर चढत नाही. ताटांची मांडणीच बोलते. नवरा नोकरीला हरकत घेत नाही, पण बायको एम. ए. करायला बसली, सभांना जाऊ लागली की घरात ताण येतो, हे त्या कडवटपणा न आणता लिहितात. मुलाच्या मृत्यूच्या पानांवर त्यांची हीच संयत लेखणी क्षणभर डगमगते, आणि ते वाचवत नाही.

ऊर्मिलाताई मुळात कथाकार. 'सहावं बोट' आणि 'चौथी भिंत' हे त्यांचे संग्रह 'आयदान'च्या कितीतरी आधीचे. 'कवच' ही कथा आंबे विकणाऱ्या आईची. पण ती सांगितली आहे तिच्या शाळकरी मुलाच्या नजरेतून. गिऱ्हाइकांच्या द्व्यर्थी बोलण्यानं मुलगा लाजेनं मरतो, आणि आई मात्र तोंडाच्या जोरावर त्यांना परतवून लावते. सगळा अपमान एका मुलाच्या कानावर पडताना आपण ऐकतो. कथा अभ्यासक्रमात लागली तेव्हा तिच्यावर अश्लीलतेचा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांनी निदान वाक्यं तरी नीट पाहिली. गौरव करणाऱ्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. या कथा 'आयदान'च्या सावलीत गेल्या, हे मला मोठं नुकसान वाटतं. दलित लेखिकेनं स्वतःच्या आयुष्याबाहेर पाऊल टाकलं की वाचकाला ते कमी खरं वाटू लागतं.

या अपेक्षेचं ओझं पुढच्या पिढीवर आलं. स्वतःच्या जगण्याचा हिशेब मांडण्याऐवजी काहींनी वेगळी वाट धरली. प्रज्ञा दया पवार यांची कविता 'अंतःस्थ'पासून आजतागायत शहर, बाजार, देह आणि राजकारण यांना एकाच दमात भिडते, आणि दलित बाईनं कशावर लिहावं याच्या मर्यादा मोडून काढते. २०१५ मध्ये त्यांनी पुरस्कार परत केले, तेही त्याच भूमिकेतून. शिल्पा कांबळे यांनी 'निळ्या डोळ्यांची मुलगी'साठी कादंबरीचा आकार निवडला. आत्मकथनांचा ओघ आटला म्हणून हळहळणाऱ्यांना हे लेखन दिसत नाही, कारण त्यांची नजर अजून दुःखाच्या यादीवर खिळलेली आहे.

समीक्षेला जे जमलं नाही, ते रंगभूमीनं बरंचसं करून दाखवलं. सुषमा देशपांडे १९८९ पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' एकटीनं करत आल्या. त्यांनीच पुढे 'आयदान' मंचावर आणलं, तेव्हा ऊर्मिलाताईंचा 'मी' तीन अभिनेत्रींत वाटून दिला. एकीनं वाक्य सुरू करायचं, दुसरीनं उचलायचं. आज्या-आया-मावश्यांचे आवाज मधूनच यायचे. एकीचं बोलणं अनेकींचं कसं होतं, हा या साहित्याचा मूळ गुण दिग्दर्शिकेनं बरोबर हेरला.

आणि तो गुण पुस्तकांच्याही आधीचा आहे. हेमा राइरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा साठा लाखाच्या घरात आहे, आणि त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्या भरपूर आहेत. गाणारीचं नाव, तिचं गाव यांच्या नोंदी आहेत, ध्वनिमुद्रणं आहेत. 'पारी' या संकेतस्थळानं ती जगासाठी खुली केली आहेत. औरंगाबादच्या कडूबाई खरात यांची भीमगीतं मोबाइलवरून लाखो लोक ऐकतात. शीतल साठे शाहिरीचा बाज घेऊन सभा गाजवतात. 'जिणं आमुचं'मधला 'आम्ही' कुठून आला याचा शोध घ्यायचा तर या ओव्यांपासून सुरुवात करावी लागेल: कोणत्या ओवीत 'मी' येते, कोणत्या ओवीत 'सया', बाबासाहेब कधी भाऊ होतात आणि कधी राजा. सामग्री ऐकायला तयार आहे. त्यावर मराठीतून काम करणाऱ्या तरुण अभ्यासकाला विद्यापीठांनी शिष्यवृत्ती द्यावी आणि मासिकांनी पानं द्यावीत. हे काम इंग्रजीत आधी होऊन मग मराठीत अनुवादानं यायची वेळ पुन्हा येऊ नये, एवढं माझं मागणं आहे.