उमजलेला मंक

१९५५ साली न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड या छोट्या रेकॉर्ड कंपनीने थेलोनियस मंक या पियानोवादकाला आपल्याकडे घेतले. त्याचे संगीत विचित्र, डोक्यावरून जाणारे, असा बोभाटा तेव्हा झालेला होता. म्हणून पहिल्या रेकॉर्डसाठी कंपनीने तोडगा काढला. स्वतःच्या रचना तूर्त बाजूला ठेवायच्या आणि लोकांच्या ओठांवर असलेल्या ड्यूक एलिंग्टनच्या वाजवायच्या. मंकने त्या वाजवल्या. साथीला बास आणि ड्रम, बस. आज ती रेकॉर्ड ऐकताना एलिंग्टनचे गाणे लगेच ओळखू येते, आणि वाजवणारा मंकच आहे हेही तितक्याच लगेच कळते. पुढे ज्याच्या नावाने आदरांजलीच्या रेकॉर्डांचा ढीग पडला, त्यानेच ती कशी वाहायची ते असे आधी दाखवून ठेवले होते. पण धडा सगळ्यांनीच घेतला असे मात्र नाही.

मंकच्या रचना सुमारे सत्तर. एलिंग्टनच्या हजाराहून अधिक रचनांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण वादकांना त्यांनी जेवढे छळले आणि जेवढे वेड लावले तेवढे क्वचितच कुणी लावले असेल.

आपल्यातल्या मुंबईकर ज्येष्ठांच्या कानाला जॅझ परका नाही. ताजमध्ये चिक चॉकलेटचा बँड वाजत असे, आणि सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतातून गोवेकर वादकांनी तो ठेका घरोघरी पोहोचवला. तरी जॅझची रीत थोडक्यात सांगतो. सुरुवातीला सगळे मिळून मूळ धून वाजवतात. मग धून बाजूला राहते, तिच्याखालच्या कॉर्डांचा सांगाडा तेवढा फिरत राहतो, आणि एकेक वादक त्यावर आपला विस्तार करतो. शेवटी पुन्हा धून. मंकच्या बाबतीत ही सोय चालत नाही. त्याची ‘एव्हिडन्स’ घ्या. खाली सांगाडा ‘जस्ट यू, जस्ट मी’ या जुन्या लोकप्रिय गाण्याचा. पण गाणे त्याने काढून टाकले आणि भलत्याच जागी पडणारे सुटे आघात तेवढे ठेवले. ते आघात हीच रचना. ते विसरून केवळ कॉर्डांवर धावाधाव केली तर जॅझ उत्तम होईल, मंक उरणार नाही. बंदिशीचा मुखडा एकदा म्हणून टाकून नंतर तासभर नुसत्या ताना मारणारे गवई आपण ऐकले आहेत, तसेच हे.

हे सर्वांत आधी आणि सर्वांत नीट ओळखले ते स्टीव्ह लेसी याने. न्यूयॉर्कच्या ज्यू घरातला हा मुलगा, मूळ आडनाव लॅक्रिट्झ. सोप्रानो सॅक्सोफोन हे त्या काळी आधुनिक जॅझमध्ये जवळजवळ टाकून दिलेले वाद्य त्याने हाती धरले. १९५८ साली त्याने ‘रिफ्लेक्शन्स’ ही रेकॉर्ड केली: सात रचना, सातही मंकच्या. इतर कुणी केलेली केवळ मंकची अशी ही पहिली रेकॉर्ड मानली जाते. ‘राउंड मिडनाइट’ तर प्रत्येक जण वाजवीतच होता. लेसीने ‘स्किपी’ आणि ‘फोर इन वन’ यांसारख्या बोटे मोडणाऱ्या रचना निवडल्या. १९६० मध्ये काही आठवडे त्याला खुद्द मंकच्या बँडमध्ये वाजवायला मिळाले. तिथे मिळालेला उपदेश त्याने वहीत टिपून ठेवला. लय सांभाळणे हे एकट्या ड्रमवाल्याचे काम नव्हे. सगळेच वाजवू नये, काही सोडून द्यावे, असा त्याचा आशय आहे.

त्याचे फळ दिसते ते ‘स्कूल डेज’मध्ये. १९६३ साली न्यूयॉर्कच्या एका कॉफी हाउसात ध्वनिमुद्रित झालेला हा कार्यक्रम बारा वर्षांनी, १९७५ साली, बाजारात आला. लेसी, ट्रॉम्बोनवर रॉझवेल रड, बास आणि ड्रम. पियानो नाहीच! मंकच्या संगीतातून मंकचे वाद्यच काढून टाकलेले. आणि इथेच मला मंक सर्वांत स्वच्छ ऐकू येतो. यातील ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ही रचना इतकी अडनिडी की १९५६ साली खुद्द मंकला स्टुडिओत ती एकसंध साधली नव्हती. वीसेक प्रयत्नांचे तुकडे जोडून रिव्हरसाइडने रेकॉर्ड पूर्ण केली. लेसी आणि रड ती कॉफीच्या पेल्यांच्या शेजारी, श्रोत्यांसमोर, सरळ वाजवतात. सूर कुठे कुठे घसरतो, ध्वनिमुद्रण सुमार आहे. पण एक वाजवत असताना दुसरा मूळ धुनीची आठवण करून देत राहतो, ती क्षणभरही हरवत नाही. त्याच कार्यक्रमात ‘पॅनोनिका’ आहे. मंकची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या बॅरोनेस पॅनोनिकाच्या नावाची ही रचना. ती इंग्लंडच्या रॉथ्सचाइल्ड घराण्यातली, म्हणजे तेल अवीवच्या त्या झाडीच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे त्यांच्याच गोतावळ्यातली. मंकची शेवटची वर्षे तिच्याच घरी गेली.

याउलट कितीतरी पियानोवादक मंकच्या लकबी उचलतात: दोन शेजारच्या पट्ट्या एकदम दाबणे, मध्येच थांबणे, अडखळल्यासारखे करणे. ही नक्कल झाली. आपल्याकडे बालगंधर्वांच्या हुबेहूब नकला करणारे थोडे नव्हते. कुमार गंधर्वांनी मात्र तीच नाट्यपदे घेऊन कार्यक्रमाला नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. आवाज कुमारांचा, पद तेच. काहींना रुचले, काहींना नाही. पण ‘उमजलेले’ या शब्दात जो अधिकार आणि जी नम्रता आहे, ती मला लेसीच्या वादनात दिसते.

१७ फेब्रुवारी १९८२ रोजी ‘स्फिअर’ हा चौघांचा गट मंकच्या रचनांची ‘फोर इन वन’ ही रेकॉर्ड करीत होता. मंक त्याच दिवशी वारला. गटातला सॅक्सोफोनवाला चार्ली राउझ मंकपाशी अकरा वर्षे वाजवलेला. रेकॉर्ड सुरेख, घरच्या माणसांनी केलेली, मात्र धोका कुठेच पत्करलेला नाही. १९८४ साली हॅल विल्नरने रॉक आणि जॅझवाले एकत्र आणून काढलेला ‘दॅट्स द वे आय फील नाऊ’ हा जोडसंच याच्या अगदी उलट. निम्मा उधळपट्टी, निम्मा आनंद. कारमेन मॅकरेने मंकच्या धुनींवर बसवलेले शब्द गायले. हक्कांच्या भानगडीमुळे काही गाण्यांची नावेसुद्धा बदलावी लागली. पण साठी उलटलेल्या त्या बाईचा कोरडा, खट्याळ आवाज शब्दांच्या सामान्यपणावर मात करतो.

अलीकडे सगळ्याच्या सगळ्या रचना वाजवण्याची टूम निघाली आहे. २०१८ साली फ्रँक किम्ब्रोच्या चौकडीने सत्तर रचना सहा सीडींत बसवल्या. काम प्रामाणिक, पण चौथ्या सीडीपर्यंत मी कपाट आवरायला लागलो होतो. जर्मनीच्या श्लिपेनबाखने त्याआधी तीन सीडींत सगळा मंक कोंबला. काही रचना तर आल्या म्हणेपर्यंत गेल्या, पण तो दंगा मला अधिक आवडतो. माइल्स ओकाझाकीने हेच सत्तरीचे काम एकट्या गिटारवर केले, एकावर एक ध्वनिमुद्रण न चढवता. सहा तारांवर सगळे मावत नाही, त्यामुळे काय सोडायचे हे त्याला प्रत्येक रचनेत ठरवावे लागते. मंकने लेसीला तेच सांगितले होते.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्यांनी ओकाझाकीपासून सुरुवात करू नये. आधी मंकची स्वतःची ‘मिस्टीरियोसो’ दोन-चार वेळा ऐकावी, धून गुणगुणता येईपर्यंत. मग ‘स्कूल डेज’ लावावी, आणि शेजाऱ्यांची पर्वा न करता थोडी मोठ्याने.