माचीवरील बुधाचा धडा

अपरिचित स्थळांविषयी लिहिणाऱ्यापुढे एक पेच असतो : लेखन लोकप्रिय झाले की स्थळ अपरिचित उरत नाही. या दृष्टीने गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ ही छोटेखानी कादंबरी पुन्हा वाचण्याजोगी आहे.

मुंबईतील वास्तव्य सोडून वृद्ध बुधा लोणावळ्याजवळील राजमाचीवर एकटाच राहावयास येतो. श्रीवर्धन व मनरंजन हे जुळे बालेकिल्ले, पायथ्याची कोंढाणे लेणी यांची माहिती कोणतीही मार्गदर्शिका देईल. दांडेकर मात्र तेथील झाडे, पाखरे आणि ऋतू यांच्याशी जडलेले बुधाचे नाते रेखाटतात. कथानक अल्प आहे, निसर्गवर्णन क्वचित भाबडे होते, हे मान्य करावे लागेल. तरीही डोंगरावर कसे असावे, हे ही कादंबरी शिकविते.

आज पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहण्यास राजमाचीवर गर्दी लोटते. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे जोडीदाराला दिलेली साद. आपल्या विजेऱ्यांच्या झोतात तीच हरवते.

वाचकहो, सहलीस निघण्यापूर्वी मुलाबाळांसह ही कादंबरी अवश्य वाचावी आणि माचीवर पोहोचताच विजेरी विझवावी.